पुठ्ठ्याचं पॅकिंग

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "काका, शेगड्यांच्या धंद्यातले चार किस्से लिहा, आणि तो जॉन्सनव्हिलचा प्रसंग तर हवाच." तो प्रसंग इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर फिरला तसा सगळ्यांना पाठ आहे. मी म्हणे देवासारखा धावून गेलो आणि एका वयस्कर जोडप्याचा जीव वाचवला. धावून गेलो हे खरं आहे. उरलेलं लिहायला बसलो तेव्हा पहिले चार दिवस मी नुसती पेन्सिलीला टोकं काढत होतो.

आधी धंद्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. वेलिंग्टनकडची जुनी घरं लाकडी, आणि हिवाळ्यात आतून जवळजवळ बाहेरइतकीच गार. अशा घरांतून जी पेलेट फायर नावाची शेगडी असते, ती दुरुस्त करण्यात माझी अठरा वर्षं गेली. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, करंगळीहून बारीक कांड्या. वरच्या डब्यात पिशवी ओतायची, की आतला एक लांब स्क्रू फिरत फिरत त्या कांड्या थोड्या थोड्या जाळावर टाकतो. बटण दाबायचं आणि खुर्चीत बसायचं. चुलीसारखं फुंकायला नको, सरपण फोडायला नको. मात्र हिच्यात फिरणारे भाग आहेत, आणि जे फिरतं ते कधी ना कधी कुरकुरतं.

आवाजावरून दुखणं ओळखणं हा माझ्या अभिमानाचा विषय होता. किरकिर आली की स्क्रूत भुसा अडकला. शिटी वाजली की दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी गेली. टकटक म्हणजे पत्रा तापतोय, त्याला काही करायचं नाही, गिऱ्हाइकाला चहा मागायचा. आणि घरघर म्हणजे पंखा. पण पंखे असतात दोन. एक धूर ओढून धुराड्यातून बाहेर टाकतो. तो बटण दाबताक्षणी सुरू होतो, कारण धुराची वाट मोकळी असल्याशिवाय पेटवायचंच नसतं. दुसरा नुसती खोलीतली हवा शेगडीच्या तापलेल्या अंगावरून फिरवून परत खोलीत सोडतो, आणि तो पाच-सात मिनिटांनी, अंग तापल्यावर जागा होतो. पहिल्यातून विषारी वायू जातो, दुसऱ्यातून साधी हवा. वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं. मी एके दिवशी विसरलो.

इथल्या लोकांना घरातलं काम स्वतः करायची भारी हौस. शनिवारी सकाळी हार्डवेअरच्या दुकानात अर्धं गाव भेटतं. एका गोऱ्या आजोबांनी शेगडीचा पत्रा खडखडतो म्हणून बाजूनं सहा स्क्रू मारले, त्यातला एक सरळ वायरीत. मला म्हणाले, "शील बी राइट, मेट," म्हणजे होईल सगळं ठीक. फ्यूज उडाला तेव्हा राइट झाली. आपली माणसंही कमी नाहीत. न्यूलँड्सच्या एका आयटीवाल्या मुलानं स्क्रू किरकिरतो म्हणून त्यात खोबरेल तेल ओतलं. आपल्याकडे दाराची बिजागरी असो की आजीचा गुडघा, औषध एकच. भुसा आणि तेल मळून आत असा घट्ट लाडू झाला, की तो काढायला मला छिन्नी लागली. मी त्याला पुष्कळ बोललो. "माहीत नसेल तर विचारावं, आम्ही काय मेलोय का?" असं म्हणालो, आणि तेव्हापासून सगळे मला विचारायला लागले. शेगड्यांच्या दुकानातल्या नोकरीतून निवृत्त झालो तरी मंडळातल्या लोकांसाठी फोनवरचा फुकट सल्ला चालूच राहिला. मलाही ते आवडायचं. निवृत्त माणसाला फोन वाजलेला आवडतो.

गेल्या जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी असाच फोन वाजला. "नमस्कार, मी वसंत खरे, तुमच्या मंडळातल्या मंदारचा बाबा. पुण्याहून आलोय तीन महिन्यांसाठी. आमची शेगडी फार घरघरते हो. बटण दाबलं रे दाबलं की सुरू. हिला दुपारी डोळा लागत नाही."

"हीट पंप नाही?"

"आहे, पण त्याच्या गरम हवेचा झोत हिच्या गुडघ्यांवर येतो. आणि शेगडीवाला तीन आठवड्यांनी येणार म्हणतो. मंदारला कामातून वेळ कुठला? म्हटलं, आपणच उघडून बघावी. मी फिटर होतो, पिंपरीला. पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं."

"काय सांगता, मी भोसरीला. मेंटेनन्स."

झालं. त्यानंतर दहा मिनिटं शेगडीचं नावच निघालं नाही. कँटीनचा चहा निघाला, तिसऱ्या पाळीची पेंग निघाली, एकमेकांचे फोरमन निघाले आणि दोघेही सारखेच खडूस निघाले. त्यांनी विचारलं, "पॅकिंग तुम्हीही हातानं कापत होता का? पुठ्ठा फ्लँजवर ठेवायचा, हातोडीनं कडेनं हलकेच ठोकत जायचं, की आपोआप आकार सुटतो." मी म्हणालो, कापत होतो म्हणजे काय, एकदा स्टोअरला पुठ्ठा नव्हता तर साहेबांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचं कापलं होतं. वसंतराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. अठरा वर्षांत या देशात मला कोणी पॅकिंगबद्दल, म्हणजे दोन लोखंडी तोंडांमधली फट बुजवणाऱ्या त्या चकतीबद्दल, विचारलं नव्हतं.

मग मी त्यांना मागचा पत्रा, दहाचा पाना, नट कुठं असतात ते सगळं सांगितलं. आधी प्लग काढा, हेही सांगितलं. तासाभरानं त्यांचा परत फोन आला. आवाजात तरुणपणीचा ताठा होता. "काढला पंखा. पाती चिकटून बसली होती. ब्रशनं घासली, मूठभर राख निघाली. आता हातानं फिरवला तर लोण्यासारखा फिरतो. फक्त त्याच्याखालचं पॅकिंग फाटलं. ते इथं कुठं मिळेल?"

"माझ्याकडे आहे. गुरुवारी घेऊन येतो. तोवर पुठ्ठ्याचं कापा."

"जागा तापत असेल ना हो?"

"कोमट. चालतं."

"बघा हं. आमचे पंप गार पाण्याचे होते."

"वसंतराव, अठरा वर्षं हेच करतोय," मी म्हणालो आणि फोन ठेवला, कारण मला अप्पर हटला एका जुन्या गिऱ्हाइकाकडे जायचं होतं.

गिऱ्हाईक म्हणजे शेरिल. तिच्या शेगडीची दाराची दोरी बदलायची होती. काम दोन वाजेपर्यंत संपलं. शेरिलनं बटण दाबलं आणि धुराच्या पंख्याची गुणगुण लगेच सुरू झाली. खोलीचा पंखा अर्थातच गप्प होता. मी हत्यारं पिशवीत भरत ते ऐकत होतो, आणि एकदम माझा हात थांबला. बटण दाबलं रे दाबलं की सुरू, असं म्हणाले होते वसंतराव. आणि मूठभर राख. खोलीच्या पंख्यात धूळ निघते, केस निघतात, राख कुठून निघणार? त्यांनी दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा मी भोसरीत होतो.

धुराच्या पंख्याशी पुठ्ठा तास-दोन तास टिकतो. मग करपतो, त्याचा भुगा होतो, आणि जे धुराड्यातून बाहेर जायचं ते फटीतून खोलीत यायला लागतं. धुराचा वास तरी येतो. त्याच्याबरोबरचा जो वायू असतो त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला फक्त झोप येते. आणि वसंतरावांनी शेगडी दुरुस्तच मुळी केली होती ती वहिनींना दुपारची झोप लागावी म्हणून.

शेरिलच्या दारातूनच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडीत बसून परत लावला. मंदारला लावला, तो मीटिंगमध्ये. त्याच्या बायकोला लावला, बंद. अप्पर हटहून जॉन्सनव्हिल म्हणजे आधी हायवेनं समुद्रापर्यंत खाली यायचं आणि मग न्गाउरंगाची घाटी चढायची. अर्धा तास. गाडीतल्या स्पीकरवर वसंतरावांच्या फोनची रिंग वाजत होती आणि मी मोठमोठ्यानं त्यांना म्हणत होतो, उचला हो, उचला. मनातल्या मनात हिशेब चालू होता. अकराला पुठ्ठा कापला असेल. साडेअकराला पेटवली. साडेबाराला जेवण. एकला पडले असतील. आता सव्वादोन.

आता जे लिहितो ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. समुद्रालगतच्या पेटोनच्या अलीकडे मला आठवलं, की १११ला, इथल्या आणीबाणीच्या नंबराला, फोन करता येतो. अग्निशमनची गाडी जॉन्सनव्हिलला पाच मिनिटांत पोचली असती. माझं बोट बटणावर गेलंही. आणि मी विचार केला, की ते विचारतील काय झालं, आणि मला सांगावं लागेल. नावपत्त्यासकट त्यांच्या कागदावर येईल. म्हटलं, कदाचित त्यांनी पेटवलीच नसेल. म्हाताऱ्यांना उगाच घाबरवायचं कशाला. माणूस स्वतःला वाचवतो तेव्हा दुसऱ्याची काळजी केल्यासारखं बोलतो. मी बोट काढून घेतलं आणि घाटीत वेगमर्यादा मोडली.

बेल वाजवली. दार कोणी उघडेना. बाजूच्या फाटकातून मागच्या लाकडी डेकवर गेलो. काचेचं सरकतं दार आतून लावलेलं होतं, पडदा अर्धा. आत शेगडीत छान पिवळा जाळ होता. समोरच्या आरामखुर्चीत वसंतराव शाल घेऊन आणि सोफ्यावर वहिनी भिंतीकडे तोंड करून. शेगडीचा जराही आवाज येत नव्हता. पंखा खरोखरच त्यांनी उत्तम साफ केला होता.

मी काच ठोकली. कोणी हललं नाही. मुठीनं ठोकली, मग पान्यानं. नाव घेऊन ओरडलो. काच फोडायला डेकवरची कुंडी उचलली तेव्हा वहिनींनी मान वळवली. माझ्याकडे बघत राहिल्या, ओळख नसल्यासारख्या. खरंच ओळख नव्हतीच, आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. मग भिंत धरत धरत आल्या आणि कडी काढली.

आत करपलेल्या कागदाचा वास होता. वसंतरावांना मी बगलेत हात घालून उठवलं. ते म्हणत होते, "उठतो हो, उठतो, डोकं जरा जड झालंय," आणि पाय उचलत नव्हते. दोघांना बाहेर वाऱ्यात नेऊन बसवलं. वहिनींना तिथंच उलटी झाली. शेगडी बंद केली, सगळी दारं-खिडक्या उघडल्या. छताला धुराच्या अलार्मची रिकामी गोल बैठक दिसली. अलार्म स्वयंपाकघरातल्या खणात होता, कारण मिरचीची फोडणी दिली की तो कोकलायचा. मग मी १११ला फोन केला. फोनवरच्या बाईंनी विचारलं, किती वेळ झाला? मी म्हणालो, आत्ताच आलो.

ॲम्ब्युलन्स आली, तोंडाला ऑक्सिजन लावून दोघांना हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर झाला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं. संध्याकाळपर्यंत दोघांचे चेहरे माणसात आले. तेवढ्यात मंदार धावत आला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच; करपलेल्या पुठ्ठ्याचं त्याला ॲम्ब्युलन्सवाल्यांकडून कळलं होतं. आईजवळ गेला, तिच्या कपाळावरून हात फिरवला, आणि मग वडिलांकडे वळला. भीती गेली की तिच्या जागी राग येतो, तसा त्याला आला होता.

"बाबा, कोणी सांगितलं होतं तुम्हाला ते उघडायला?"

मी तिथंच, पलंगाच्या पायाशी उभा होतो. आता बोलायचं, असं मी ठरवलंही होतं. वसंतरावांनी मास्क बाजूला केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोणी नाही. मीच शहाणपणा केला."

"आणि पुठ्ठा? आगीला पुठ्ठा लावायचं कुणी शिकवलं?"

"कारखान्यातली सवय."

हात धुवायची रीत सांगणारं एक चित्र भिंतीवर होतं, ते मी फार लक्ष देऊन वाचलं. मंदार माझ्याजवळ आला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले. "काका, तुम्ही नसता तर काय झालं असतं." मग परत वडिलांना म्हणाला, हळू आवाजात, पण नर्सनं मागे वळून पाहिलं, "बाबा, आता घरातल्या कशालाही हात लावायचा नाही. बल्बसुद्धा नाही. प्रॉमिस करा मला."

वसंतरावांनी लहान मुलासारखी मान हलवली. त्यांनी मला का वाचवलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. फुकट सल्ला देणाऱ्याला तोंडघशी पाडू नये ही आपल्याकडची रीत असेल. किंवा त्यांनी शंका काढूनही शेवटी माझं ऐकलं, याची त्यांना स्वतःचीच लाज वाटली असेल.

त्या रात्री व्हॉट्सॲपवर माझ्या फोटोला हार घालायचेच बाकी होते. मी 'धन्यवाद' असं टाकलं आणि फोन उलटा ठेवला. पुढचे पंधरा दिवस मला जेवण गेलं नाही. फोन वाजला की दचकायचो. कुठं कुठं काय काय सांगून ठेवलंय ते आठवत बसायचो. तावा उपनगरातल्या एका बाईंना मी सहा महिन्यांपूर्वी काहीतरी सांगितलं होतं, त्यांना मुद्दाम फोन करून विचारलं, बरं आहे ना सगळं? त्या म्हणाल्या, "काका, आम्ही ती शेगडी विकली."

शेवटी एका शनिवारी मी खरं पॅकिंग घेऊन गेलो. राखाडी रंगाचं, जाळात धरलं तरी जळत नाही असं. मंदार घरी होता. त्याने टॉर्च धरला, मी काम केलं. करपलेल्या पुठ्ठ्याची किनार अजून फ्लँजला चिकटलेली होती. कापलेली कड एवढी नेटकी होती की मी ती खरवडताना जरा थांबलो. वसंतराव खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांच्यासारखा फिटर एरवी माझ्या खांद्यावरून डोकावला असता, दोन चुकाही काढल्या असत्या. ते पेपर वाचत होते. इंग्रजी पेपर, आणि पान उलटत नव्हते.

शेवटचा नट आवळला, बटण दाबलं. पंखा सुरू झाला, आवाज नाही. मी पाना खाली ठेवला आणि म्हणालो, "मंदार, तो पुठ्ठा मी सांगितला होता. बाबांनी मला विचारलंही, जागा तापते का म्हणून. मी म्हणालो, चालतं. चूक माझी होती. हॉस्पिटलमध्येच सांगायला हवं होतं."

मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, अगदी मायेचं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, यू आर टू नाइस. बाबांना वाईट वाटतंय म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय, कळतं मला. तुम्ही अठरा वर्षं हे काम केलंय. तुम्ही असं सांगणं शक्य आहे का?"

"खरंच सांगितलं. वसंतराव, तुम्ही बोला ना."

वसंतरावांनी पेपर मांडीवर ठेवला. "जाऊ द्या हो," ते म्हणाले. "झालं ते झालं."

"बघा," मंदार मला म्हणाला.

मी आणखी एकदा सांगितलं. जितकं सांगत गेलो तितका तो माझ्याकडे जास्त आदरानं बघत गेला. शेवटी मी हत्यारं पिशवीत भरायला घेतली. वहिनी चहा करायला उठल्या. कप काढायला त्यांनी वरच्या कपाटाचं दार ओढलं, तर त्याची मूठ त्यांच्या हातात आली. साधा एक स्क्रू ढिला झाला होता. वसंतराव खुर्चीतून अर्धे उठले. मग त्यांनी मंदारकडे पाहिलं आणि परत खाली बसले.